घुबडघळीत जे सापडले त्याबाबत

जबाब
दिनांक: १० ऑक्टोबर २०१९, गुरुवार. वेळ: सकाळी ११ वाजून १० मिनिटे.
नाव: तेरेसो आकिनो बाउतिस्ता. वय: ६३ वर्षे. धंदा: बटाट्याची शेती, पूर्वी लाकूडतोड. राहणार: लाचियेला, वरची आळी, चुन्याच्या भट्टीजवळ, सिएर्रा नोर्ते, राज्य ओआहाका. भाषा: झापोतेक व स्पॅनिश. फोन: नाही, पत्नीकडे आहे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सेनाइदा हिच्यासह राहतो. मी हरवल्याची तक्रार तिने दि. ८ रोजी सकाळी फोनवरून दिली होती. त्या संदर्भात मला आज बोलावले आहे. तक्रार मला वाचून दाखवली. तीत माझे वर्णन ‘उंची बेताची, पोट पुढे, डाव्या हाताला साडेतीन बोटे, स्वभाव हेकट’ असे आहे. उंची, पोट व बोटे बरोबर आहेत.

मी हरवलो नव्हतो. मी कुठे आहे ते मला सर्व वेळ माहीत होते. इतरांना माहीत नव्हते, हे मान्य आहे.

घटनेची जागा गावाच्या पश्चिमेला, पायी अडीच तासांवर आहे. तिला घुबडघळ म्हणतात. तिथे घुबड कुणी पाहिलेले नाही. घळीत ओक व पाइनची झाडे असून ऑगस्ट ते नोव्हेंबर ढग खालीच बसलेले असतात. घळीच्या वरच्या माथ्यावरचे पाइन किड्याने वाळले आहेत. ते वेळेत खाली आणले नाहीत तर कीड पुढच्या झाडांना लागते. जंगल गावाचे, लाकूड कापायची गिरणीही गावाची. गिरणीवर एकतीस घरे चालतात. माझा जावई तिथेच करवतीवर आहे. त्यामुळे लाकडाचा रस्ता घळीतून काढायचे ठरले तेव्हा माझा विरोध नव्हता.

दि. १ सप्टेंबर रोजी ग्रामसभा झाली. सभेला शहरातून डॉ. रेमेदियोस कान्सेको आल्या होत्या. त्या ओल्या पालींचा अभ्यास करतात. आम्ही ओली पाल म्हणतो तो जीव पालीसारखा दिसतो, पण बेडकाच्या नात्यातला आहे. त्याला फुप्फुसे नसतात, तो कातडीने श्वास घेतो, हे मला डॉक्टरांकडून कळले. घुबडघळीतल्या जातीची शेवटची नोंद १९७८ सालची होती. डॉक्टरांनी ऑगस्टात दोन विद्यार्थ्यांसह चार दिवस घळीतला एकेक ओंडका उचलून पाहिला होता. एकही मिळाली नव्हती. पाठीवर तांब्याची रेघ असलेले तिचे चित्र त्यांनी गावात व आपल्या ठाण्यातही लावले होते.

सभेत त्या म्हणाल्या, “जगात अशा छत्तीस जागा धरल्यात. जिवांच्या जाती तिथे सगळ्यात जास्त, आणि जंगल सगळ्यात जास्त गेलंय तेही तिथेच. तुमचा डोंगर त्यातल्या एकात येतो. तो इतका तरी उरलाय, कारण तुम्ही तो राखलात. ही खुशामत नाही.”

त्यावर वनसमितीचा अध्यक्ष फिदेन्सिओ म्हणाला, “मग रस्ता उरलेल्या पस्तिसांतून न्यायला सांगा की, बाई.”

“तिथलेही अध्यक्ष हेच म्हणतात,” डॉक्टर म्हणाल्या.

लोक हसले. फिदेन्सिओही हसला. तो वाईट माणूस नाही, त्याला गिरणी चालवायची आहे. शेवटी असे ठरले की, दि. १० ऑक्टोबरच्या आत घळीत एक जरी ओली पाल जिवंत दाखवली, तर रस्ता पूर्वेच्या धारेवरून वळसा घेऊन न्यायचा. नाही दाखवली, तर त्या दिवशी सकाळी आठ वाजता रस्ता खणायचे यंत्र घळीत उतरवायचे.

डॉक्टरांनी विचारले, “घळीत कधी कुणी पाहिलीय का?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण तरुणपणी मी तिथे तोड केली आहे. मी उठून म्हणालो, “तिथं काही नाही.” आणि खाली बसलो.

याबाबत अधिक विचारले असता सांगतो की, १९७८ साली जंगल आमच्या ताब्यात नव्हते. सरकारने ते कागदाच्या एका कंपनीला दिले होते व आम्ही आमच्याच जंगलात मजूर होतो. मी बावीस वर्षांचा होतो. मार्च महिन्यात मी व क्रिसोफोरो, जो पुढे माझ्या थोरल्या मुलीचा धर्मपिता झाला, आम्ही घळीत एक म्हातारा ओक पाडला. तो आतून पोकळ निघाला. पोकळीत ओल्या पाली होत्या. काडीएवढ्या, पाठीवर तांब्याच्या रंगाची रेघ. चाळीस असतील, जास्तही असतील. त्या विषारी असतात व त्यांच्या नुसत्या नजरेने दूध नासते, असे आमच्याकडे तेव्हा समजत. उपायही सगळ्यांना माहीत होता. आम्ही जेवणाच्या फडक्यातले मीठ काढून त्यांच्यावर टाकले.

मीठ टाकल्यावर त्यांचे काय होते, हे आपणास माहीत असल्यास विचारू नये, माहीत नसल्यास लिहू नये.

नंतर आम्ही जेवलो. त्यानंतर दोन हंगाम मी त्या घळीत काम केले. एकही दिसली नाही. मला वाटले, होत्या तेवढ्या त्याच. सभेत मी ‘तिथं काही नाही’ म्हणालो ते याच हिशेबाने. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते.

दि. ७ रोजी सोमवारी पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी मी घरून निघालो. पत्नीला “बटाटे बघून येतो” असे सांगितले. सोबत कोयता, घोंगडी, सहा मक्याच्या भाकऱ्या व बाटलीत कॉफी होती. घळीत ओढ्यापलीकडे कड्याला धरून एक सपाटी आहे. तिथला एक ओक आमच्याकडून तोडायचा राहिला होता. पाडायच्या झाडावर कुऱ्हाडीने खूण करायची पद्धत होती. ती खूण मी स्वतः केली होती, पण दुसऱ्या दिवशी गावाने कंपनीचे काम बंद पाडले व झाड तसेच राहिले. डॉक्टर त्या सपाटीवर गेल्या नव्हत्या, कारण तिची वाट कुणाला माहीत नाही. वाट त्यांना का सांगितली नाही असे विचारले, तर सांगितली असती म्हणजे बाकीचेही सांगावे लागले असते.

सपाटीवर पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले असावेत. शेवटची उडी मारताच मागची कडेची माती पावसाने सुटून खाली गेली व तिच्याबरोबर वाटही गेली. माझा उजवा घोटा मुरगळला. चार-पाच हाका मारल्या. घळीतला आवाज वर जात नाही.

उठायला आधार म्हणून मी एका पडक्या फांदीवर हात टेकला. फांदीवरचे शेवाळ गोधडीसारखे निघून हातात आले. त्याखाली एक ओली पाल होती. वेटोळे करून बसलेली. वेटोळ्यात अंडी होती, कोवळ्या कणसातल्या दाण्यांएवढी, आरपार दिसणारी. मी चष्मा लावला. एका अंड्याच्या आत हालचाल होती. डोके, शेपूट, पाय, सगळे झालेले होते.

ती पळाली नाही. पळायला मोकळी होती. अंड्यांभोवती वेटोळे आवळून तिने माझ्याकडे पाहिले.

मी टोपी काढली. का काढली, ते सांगता येत नाही. मग शेवाळ होते तसे परत पांघरले. हाताला घाम असेल म्हणून आधी हात कड्यातून पाझरणाऱ्या झिऱ्यात धुतला, तिला कुठेही बोट लावले नाही.

त्यानंतर नजर बसली. एकदा एक दिसली की मग दिसू लागतात. ओकच्या सालीत, दगडाच्या बेचक्यात, माझ्या घोंगडीपासून वीतभर अंतरावर. संध्याकाळपर्यंत मी फारसा हललो नाही. एक तर घोटा सुजला होता. दुसरे म्हणजे हलायला मोकळी जागा उरली नव्हती.

रात्रीबाबत सांगण्यासारखे विशेष नाही. पाऊस होता. मी गात होतो का असे विचारल्यास, होय.

दि. ८ रोजी मंगळवारी पत्नीने सकाळी सहा वाजता गावच्या चावडीवर कळवले व आपल्या ठाण्याला फोन केला. चर्चची घंटा वाजवण्यात आली. एकशे चाळीस माणसे निघाली, त्यांत गिरणीचे सर्व कामगार होते. गिरणी बंद ठेवण्यात आली, हे मला नंतर समजले. आपण स्वतः साडेसातला गाडी घेऊन पोचलात. माझे शेत आधी पाहिले. बटाट्यांत मी नव्हतो. मग जंगल धरले. साधारण पावणेअकराला मला घळीच्या वरच्या तोंडाकडून माणसांचे आवाज आले. सर्व जण हातभर अंतराने एका ओळीत, काठ्यांनी झुडपे झोडपत खाली येत होते. मला फार बरे वाटले.

मग मी त्यांच्या पायांकडे पाहिले. बूट, काठ्या, उलटलेले ओंडके, तुडवलेले शेवाळ. मी होता तेवढा जोर लावून ओरडलो, “थांबा. कुणी पाय टाकू नका.”

ओळ थांबली. फिदेन्सिओ पुढे होता. तो म्हणाला, “तेरेसोकाका, साप आहे का?”

“नाही.”

“दरड सुटतेय?”

“नाही. खाली बघा. आहात तिथंच उभे राहा आणि खाली बघा.”

ओळीतून माझी पत्नी बोलली. ती दिसत नव्हती, पण आवाज तिचा होता. “तेरेसो, जिवंत आहेस का?”

“आहे.”

“पाय मोडलाय का डोकं?”

“घोटा मुरगळलाय.”

“काल पहाटे बटाटे बघायला निघालास. एकोणतीस तास बटाटे बघतोस? थांब, मी येते आणि मग तुला बघते.”

“ये सेनाइदा, पण पाऊल बघून टाक. लेकुरवाळ्या बसल्यात इथं.”

ती म्हणाली, “ताप चढलाय त्याला.” तेवढ्यात आपण डावा पाय पुढे टाकत होतात तो तसाच वर ठेवलात, कारण जिथे बूट पडायचा त्या ओंडक्यावर एक होती. हे जबाबात नको असे आपण आता म्हणालात. माझे म्हणणे आहे की ते घडले, म्हणून लिहावे. आपण म्हणालात, “अध्यक्षसाहेब, तांब्याची रेघ असते तीच का ही?”

यानंतर घळीत कुणी मोठ्याने बोलले नाही. एकशे चाळीस माणसे आपापल्या पायांखाली बघत उभी होती. मग एकेक आवाज येऊ लागला, चर्चमध्ये बोलतात तसा. “इथं एक आहे.” “माझ्याकडं दोन.” “अगं, हिच्या पोटाशी अंडी आहेत, मागं सर.” शाळेच्या बाई क्लेमेन्सिया यांनी वेणीतली रिबीन सोडून जवळच्या फांदीला बांधली, म्हणजे तिथे कुणी पाय देऊ नये. ते पाहून बाकीच्या बायकांनीही सोडल्या. लाल, हिरव्या, जांभळ्या. रिबिनी संपल्यावर पुरुषांनी बुटांच्या नाड्या काढल्या. दुपारी मला घोंगडीच्या झोळीत घालून वर नेताना मी घळ वरून पाहिली. जत्रेला सजवल्यासारखी दिसत होती.

डॉक्टरांना माथ्यावर जाऊन फोन केला गेला. शहरापासूनची साडेपाच तासांची वाट त्या चार तासांत आल्या. वेगाबाबत मला माहिती नाही.

त्याआधी दोर टाकून चौघे सपाटीवर उतरले. त्यांच्यानंतर माझी पत्नी उतरली, नको म्हटले तरी. तिने प्रथम माझा घोटा पाहिला, नंतर माझीच टोपी घेऊन मला दोन वेळा मारली. याबाबत माझी काही तक्रार नाही. मग मी तिला फांदीवरचे शेवाळ बाजूला करून दाखवले. ती उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली. आम्हाला दोन मुली आहेत, तिसरे मूल राहिले नाही. ती एवढेच म्हणाली, “कालपासून हिनं काही खाल्लंय का?”

मी म्हणालो, “नाही. जागची उठलीच नाही.”

पत्नी म्हणाली, “झाकून ठेव. गारठेल.”

डॉक्टर दुपारी सव्वातीनला पोचल्या. त्या घळीत उतरल्या, पहिल्या रिबिनीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि काही वेळ उठल्या नाहीत. सोबत आलेल्या विद्यार्थिनीने त्यांना रुमाल दिला. त्या वेळी मी झोळीत होतो व सर्व गाव भोवती होते. मी १९७८ सालचे सर्व सांगितले, मिठासह. मग क्रिसोफोरो गर्दीतून पुढे आला. त्याला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तरी तो शोधायला आला होता. तो म्हणाला, “मीठ माझ्या फडक्यातलं होतं. याच्या बायकोनं याला कधी पुरेसं मीठ दिलं नाही, हा नेहमी माझंच घ्यायचा.”

पत्नी म्हणाली, “तरीच तुला रक्तदाब आहे आणि याला नाही.”

डॉक्टर हसू लागल्या, रुमाल डोळ्यांना लावलेला असतानाच. त्या मला म्हणाल्या, “तेरेसोकाका, ऑगस्टात आम्ही ओंडके उचलून खाली बघत बसलो, आणि या वर शेवाळात होत्या. माझा अंदाज असा आहे की ही सगळी घळ त्या एका ओकवरून पुन्हा भरलीय. तुम्ही तो सोडलात म्हणून.”

मी म्हणालो, “मी सोडला नाही, राहून गेला.”

“तो फरक तुम्हाला आणि मला,” त्या म्हणाल्या. “या पालींना काय त्याचं.”

यानंतर फिदेन्सिओ एका दगडावर चढला. दगड आधी सर्व बाजूंनी तपासून घेतला. तो म्हणाला, “गावच्या नियमाप्रमाणे सभेला निम्म्याहून जास्त घरं हजर लागतात. चार वर्षांत आज पहिल्यांदा आहेत. सभा इथंच घेऊ. घळीतला रस्ता रद्द करून पूर्वेच्या धारेवरून न्यावा. रस्ता अडीच किलोमीटरनं लांबतो, लाकूड तीन आठवडे उशिरा उतरेल, आणि वळणाची माती यंत्राला जमणार नाही, ती तेकियोनं काढावी लागेल, घरटी सहा दिवस.” तेकियो म्हणजे गावाचे बिनमजुरीचे काम, ते कुणाला चुकत नाही. “मान्य असेल त्यांनी हात वर करा. हळू.”

बाजूने एकशे बारा हात वर झाले. झोळी धरणाऱ्या चौघांना हात वर करता येईना, त्यांचे मत तोंडी घेतले. विरोधात तीन हात होते. त्यांतला एक फिदेन्सिओचा स्वतःचा. तो म्हणाला, “गिरणीची बाजू कुणीतरी मांडायला हवी.” मग त्याने खिशातून वही काढली व तेकियोच्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहिले. माझे नाव मी सांगितले ते त्याने लिहिले नाही. पाय बरा झाल्यावर बघू म्हणाला. मी भांडल्यावर लिहिले.

मला कुणी पळवून नेले नव्हते, कुणी डांबून ठेवले नव्हते, माझा कुणाशी वाद नाही. सपाटीची माती आपोआप सुटली, कुणावरही संशय नाही. पत्नीला न सांगता गेलो याबद्दल तिच्यापुढे चूक कबूल केली आहे, ती तिने अद्याप पूर्ण ऐकून घेतलेली नाही. माझ्यासाठी गिरणी बंद राहिली, घंटा वाजली व क्रिसोफोरो त्या गुडघ्यांनी घळ उतरला, याबाबत काय लिहावे ते मला सुचत नाही. जागा सोडावी.

आज सकाळी आठ वाजता यंत्र पूर्वेच्या धारेवर गेले. त्याचा आवाज मी घरी अंथरुणात ऐकला. 

जबाब चालू असता ११ वाजून ५० मिनिटांनी माझी पत्नी, जी बाहेर बाकावर बसून आहे, आत आली. तिच्या फोनवर डॉक्टरांचा निरोप होता. ती म्हणाली, “साहेब, आवरतं घ्या. सपाटीवरचं पहिलं अंडं फुटलंय. शाळा सोडलीय, सगळी पोरं निघालीत. डॉक्टर म्हणतायत, दुसरंही हलतंय.” मी उठू लागलो. मला चालता येणार नाही हे पाहून आपण गाडी काढतो म्हणालात व लेखणी खाली ठेवलीत. आधी सही करून घ्यावी असे मीच सुचवले.

वरील मजकूर मला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवला, जिथे अडले तिथे पत्नीने झापोतेकमध्ये सांगितले. तो मी बोललो तसाच आहे. ‘स्वभाव हेकट’ हा शब्द खोडावा असे मी म्हणालो होतो, पत्नीच्या सांगण्यावरून तो ठेवला आहे. घळीत ओल्या पाली एकूण किती, या ठिकाणी आकड्याची जागा कोरी आहे, कारण डॉक्टर अजून मोजत आहेत.

सही: तेरेसो आकिनो बाउतिस्ता
समक्ष: सेनाइदा (घाईत)